जिची हाक, तिचा चेंडू

शाळेच्या मुलींच्या व्हॉलीबॉल टीमला नियम भरपूर होते आणि त्यातले निम्मे कुणीच पाळत नसे. नेट गुंडाळल्याशिवाय घरी जायचं नाही, बाटल्या बाकाखाली ठेवायच्या, हरल्यावर पंचांना वेडावून दाखवायचं नाही, वगैरे. एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. वरून येणारा चेंडू जिला घ्यायचा असेल तिने मोठ्याने ‘माझा!’ म्हणायचं, आणि हाक पडली की बाकीच्यांनी हात मागे घ्यायचे, मग चेंडू अगदी नाकावर का येईना. मागे एकदा दोघी एकाच चेंडूखाली धावल्या होत्या. एकीचा दात दुसरीच्या कपाळात रुतला. तेव्हापासून खेळाच्या बाई सरावाला उभ्या राहिल्या की आधी तेच म्हणत, “जिची हाक, तिचा चेंडू. कळलं का गं?”

शिडीला हे कळायला जड नव्हतं. शिडी म्हणजे टीममधली सगळ्यात उंच मुलगी. नेटपाशी हात वर करून उभी राहिली की समोरच्या मुलींचा निम्मा धीर तिथेच सुटे. तिला हाक द्यावीच लागत नसे, कारण तिच्या उंचीवरचा चेंडू दुसऱ्या कुणाच्या बापालाही मिळणार नव्हता. त्यामुळे ‘माझा’ म्हणायची सवय तिच्या जिभेला कधी लागली नाही. पुढे जे झालं त्याला एवढंच कारण पुरलं.

हाकेत पटाईत होती लिंबू. लहानपणी गल्लीत खेळताना तिला सगळे लिंबूटिंबू म्हणून घेत, म्हणजे खेळ पण तुझं आउट होणं मोजायचं नाही. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती मागच्या ओळीत राहून जमिनीलगतचे चेंडू उचलायची. त्या जागेवरच्या खेळाडूची जर्सी वेगळ्या रंगाची असते, म्हणून सगळ्या निळ्यांत हिची एकटीची पिवळी, आणि ती जर्सी तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबायची. आईवडील नव्हते. मामा-मामींकडे वाढली. मामी वाईट नव्हती हो, पण मामीला तिची स्वतःची पोरं होती आणि ताटं मोजकी होती. तिथे ज्याने आधी तोंड उघडलं त्याला मिळायचं. लिंबूची हाक तिथे तयार झाली होती.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं की प्रत्येक टीमने लोकांच्या उपयोगाचं एक तरी काम हाती घ्यायचं. फुटबॉलवाल्या पोरांनी लगेच झाडं लावायचं जाहीर केलं. झाडं तक्रार करत नाहीत, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. बास्केटबॉलवाले जुनी पुस्तकं गोळा करणार होते. व्हॉलीबॉलच्या मुली सामानाच्या खोलीत, फाटक्या नेटच्या ढिगावर बसून भांडत होत्या. एक म्हणाली मैदानाची भिंत रंगवू. दुसरी म्हणाली, तुला घरचं दार रंगवायला लावलं होतं तेव्हा मांजर रंगवलं होतंस, ते आठवतंय का? तिसरीला भटक्या कुत्र्यांना आंघोळ घालायची होती. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली आणि ठरलं काहीच नाही.

मग बाई दवाखान्यातल्या सिस्टरना घेऊन आल्या. सिस्टर उभ्याउभ्याच बोलल्या. म्हणाल्या, “आजूबाजूला म्हातारी माणसं एकटी राहतात. औषध मी देते, पण बोलायला मी कुठून वेळ आणू? तुम्ही एकेकीने एकेक माणूस वाटून घ्या. आठवड्यातून दोनदा जायचं, बसायचं, काय हवं-नको बघायचं. बास. एक बाई आहेत, दुसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेत–”

“माझ्या!” कुणीतरी ओरडलं, अगदी मैदानावर ओरडतात तसं. खोली पुन्हा हसली. बाईंनाही ते आवडलं.

“चालेल,” बाई म्हणाल्या. “तसंच करू. जिची हाक, तिचं माणूस. मग दुसरीने मध्ये लुडबुडायचं नाही.”

झालं, खेळच सुरू झाला. एकीने नजर गेलेले निवृत्त मास्तर घेतले, दुसरीने मुलगा परदेशी असलेली एक बाई घेतली. सिस्टर पुढे म्हणाल्या, “एक शिंपी आहेत. जुन्या बाजाराच्या कोपऱ्यावर, निळ्या दाराचं दुकान. दुकान कसलं, आता नुसती खोलीच. हात कापतो, तरी मशीनवरून उठत नाहीत. तोंडाने फटकळ आहेत हं, आधीच सांगते. मला म्हणाले, सिस्टर, हा ॲप्रन शिवलाय की पोतं?”

शिडीने झटकन मान वर केली.

ते निळं दार तिच्या ओळखीचं होतं. त्या दाराआड कपडे कापायचं मोठं टेबल होतं आणि टेबलाखाली लहानपणी ती बसायची, हातात लोहचुंबक घेऊन, सांडलेल्या टाचण्या गोळा करत. वरून आवाज यायचा, “किती टाचण्या झाल्या गं? मोजून मजुरी देईन.” तो आवाज अण्णांचा. तिच्या आईच्या वडिलांचा.

आजी आजारी पडली तेव्हा दुकानात गणवेशांची मोठी ऑर्डर होती. आजी खोकत खोकत काजं करत बसली आणि अण्णा म्हणत राहिले, एवढी ऑर्डर होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ. ऑर्डर झाली. आजी राहिली नाही. आई भरल्या घरात, सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाली, “तुम्ही घेतलात माझ्या आईचा जीव.” अण्णा म्हणाले, “एवढा कळवळा होता तर तू का नाही नेलीस?” ते खोटं नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच तिला ते कधी माफ करता आलं नाही. त्यानंतर आईने जुन्या बाजाराचा रस्ताच टाकला. कामावर जाताना ती लांबचा वळसा घालून जाई. घरात अण्णांचं नाव निघत नसे.

एवढं सगळं शिडीच्या डोळ्यांपुढून गेलं आणि ‘माझे’ हा शब्द घशापर्यंत आलासुद्धा. पण आईला काय सांगायचं, हा विचार त्याच्या आडवा आला. विचार कसला, अर्धा श्वास.

“माझे!” लिंबू ओरडली.

शिडीने हात मागे घेतले. सवयच ती.

तिच्या वाट्याला आल्या एक बहिऱ्या आजी. त्यांना टीव्हीचा आवाज वाढवून हवा असे आणि जगाकडून बाकी काही नको असे. शिडी जाई, आवाज वाढवी, शेजाऱ्यांच्या शिव्या खाई आणि परत येई.

लिंबूचं मात्र सोनं झालं. सराव संपला की सगळ्या आपापल्या म्हाताऱ्यांचे किस्से सांगत आणि लिंबूला आवरणं कठीण जाई. “आजोबा म्हणतात, तुझ्या मापाचं माणूस मिळालं की शिंप्याचं कापड वाचतं!” “आजोबांनी आज मला काजं करायला शिकवली. पहिलं काज बघून म्हणाले, यातून बटण नाही, बैल जाईल.” तिच्या तोंडी ‘आजोबा’ हा शब्द असा यायचा की नवी चप्पल घालून कुणी उगाच घरभर फिरावं. तिला कधी आजोबाच नव्हते. शिडी बुटाची नाडी बांधत ऐकत बसे. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधे. तिला लिंबूचा राग येई आणि रागाची लाजही वाटे, आणि दोन्ही गिळून ती विचारे, “मग? अजून काय म्हणाले?”

“त्यांना नात आहे,” लिंबू एकदा म्हणाली. “लहानपणी लोहचुंबक फिरवायची म्हणे टेबलाखाली. त्या लोहचुंबकाला ते कुणाला हात लावू देत नाहीत. आणि कपाटाच्या कडेला खडूच्या रेघा आहेत. नातीच्या दर वाढदिवसाला एक रेघ मारतात, एवढी झाली असेल, असं म्हणून. नुसत्या अंदाजाने! मला उभं केलं तिथे. वरची रेघ मला बरोबर आली. म्हणाले, बघ, तुझ्याएवढी असेल ती.”

“येत नाही का ती नात?” कुणीतरी विचारलं.

“नाही ना. कुणीच येत नाही. कसली माणसं असतात एकेक,” लिंबू म्हणाली.

शिडी उठली आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

त्या दिवसानंतर तिने एकदा धीर केला. लिंबूला बाजूला घेऊन म्हणाली, “एक दिवस तुझ्याऐवजी मी जाऊ का गं त्या आजोबांकडे?”

लिंबूचा चेहरा एकदम बारीक झाला. “का? मी काय चुकले?”

“नाही गं, असंच.”

“तुझ्या आजी आहेत ना तुला? माझे आहेत ते. हाक मी दिली होती.”

आता इथे शिडीने तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की लिंबूच्या हातून तिचे एकुलते एक आजोबा काढून घेतल्यासारखं झालं असतं, आणि घरी आईपुढेही उभं राहावं लागलं असतं. ती म्हणाली, “बरं, राहू दे.” समंजस मुलगी म्हणून तिचं सगळे कौतुक करत. असल्या समंजसपणाला काय चुलीत घालायचंय!

टीमच्या जर्सी दर आठवड्याला एकेकीच्या घरी धुवायला जात. स्पर्धेच्या आधी पाळी शिडीच्या घराची आली. आई तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड आणि कंबरा सैल करून देई. घरी आली तरी कपडा हातात आला की तिची बोटं आधी शिवणीवरून फिरत. निळ्या जर्सी भिजवून झाल्या. निळ्यांचा रंग पिवळीला लागू नये म्हणून तिने ती वेगळी काढली, उलटी केली आणि तशीच थांबली.

लोंबणारी ती जर्सी आता लिंबूच्या मापाची झाली होती. कडेला आतून बारीक टाका होता, दर चार टाक्यांनी एक मागे वळवलेला. तो टाका जगात दोघंच घालत. त्यातली एक बालदीपाशी उकिडवी बसली होती.

“ही कुणाची?” आईने विचारलं.

“लिंबूची.”

“कुणी आवळून दिली?”

शिडीने सगळं सांगितलं. सिस्टर, निळं दार, हाक, लोहचुंबक, खडूच्या रेघा. आई जर्सी मांडीवर घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, “हात कापतोय त्यांचा. बघ, टाके कसे वाकडे पडलेत.” आणि पदराने नाक पुसून, नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, “जाऊ आपण. दोघी जाऊ. दुकानात सेल लागलाय, कपड्यांचा ढीग पडलाय माझ्यापुढे. तुझीही स्पर्धा आहे. एवढं होऊ दे, मग निवांत जाऊ.”

शिडीने आईला मिठी मारली. इतकी खूश ती कित्येक महिन्यांत झाली नव्हती. त्या रात्री अंथरुणात पडून तिने काय काय ठरवलं! आत शिरल्याबरोबर टेबलाखाली जाऊन बसायचं. मावणार नाही, डोकं आपटेल, अण्णा हसतील. लिंबूलाही सांगायचं, की आपण दोघींनी वाटून घेऊ, त्यात काय?

स्पर्धा दुसऱ्या गावी होती. टीम बसने गेली, राहिली, खेळली आणि चक्क जिंकली. शेवटचा चेंडू लिंबूने जमिनीवर लोळण घेऊन उचलला आणि शिडीने तो पलीकडे असा आपटला की समोरच्या मुली बघतच राहिल्या. परतीच्या प्रवासात सगळ्यांचे घसे बसले होते तरी गाणी चालू होती. लिंबू कप मांडीवर घेऊन बसली होती. “आजोबांना दाखवणार. म्हणतील, एवढ्याशा भांड्यासाठी एवढं कोकलायचं?”

शाळेच्या फाटकाशी बस थांबली. तिथे सिस्टर उभ्या होत्या.

त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. बाईंनी हात तोंडावर नेला. मग सिस्टर लिंबूजवळ आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “बाळा, तुझे शिंपी आजोबा गेले. काल सकाळी. मशीनवर बसल्याबसल्याच. दूधवाल्याने बघितलं.”

लिंबूच्या हातातला कप खाली पडला.

“सध्या आमच्या दवाखान्यात ठेवलंय त्यांना,” सिस्टर बाईंना सांगत होत्या. “जवळचं कुणी असेल तर कळवावं म्हणते. शेजारी म्हणतात, कुणी नाही.”

“कुणी नाही,” लिंबू म्हणाली. “मीच आहे.”

शिडीच्या घशात तो शब्द पुन्हा आला होता. तोच, अडकून राहिलेला. या वेळी तिने अर्धा श्वासही घेतला नाही, पण आता घाई करून उपयोग काय?

“माझे,” शिडी म्हणाली. “माझे आजोबा आहेत ते. माझ्या आईचे वडील.”

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग लिंबूला कळलं. तिने दोन्ही हातांनी शिडीच्या छातीवर जोरात ढकललं. “तेव्हा का नाही बोललीस? मी हाक दिली तेव्हा का नाही बोललीस? मला विचारायला आलीस तेव्हा का नाही सांगितलंस? ते तुझी वाट बघत होते गं! आणि मी त्यांच्यासमोर बसून बिस्किटं खात होते!” बाई मध्ये पडल्या तोवर लिंबूनेच शिडीच्या कमरेला मिठी घातली होती आणि तिच्या निळ्या जर्सीत तोंड खुपसून ती हंबरडा फोडून रडत होती. शिडी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती.

निरोप मिळताच आई दवाखान्यात आली. तिथलं आणि अंत्यविधीचं सगळं उरकून आई, शिडी आणि लिंबू त्या निळ्या दाराशी आल्या. किल्ली खिडकीच्या वरच्या फळीवर असते, हे लिंबूला ठाऊक होतं. आईला नव्हतं, किल्ली पूर्वी दाराच्या चौकटीत असायची. आई आपल्या बापाच्या घरात पाहुण्यासारखी शिरली. लिंबू हळू आवाजात दाखवत होती. दिव्याचं बटण हे. पाणी इथे. ही खुर्ची मोडकी आहे, काकू, बसू नका हं.

आई मशीनपाशी गेली. हात लावावा की नाही, असं तिला झालं. मग ती मोडक्या खुर्चीवरच बसली आणि म्हणाली, “मीही तेच म्हटलं गं. एवढं होऊ दे, मग जाऊ. अगदी त्यांच्यासारखंच म्हटलं.” आणि इतकी वर्षं ज्या माणसाला तिने एका वाक्यासाठी माफ केलं नव्हतं, त्याच्या कापडाच्या चिंध्यांत तोंड लपवून ती रडायला लागली. शिडीने तिला इतकं मोठ्याने रडताना कधी ऐकलं नव्हतं. तिने आईला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होती?

कपाटाच्या कडेला खडूच्या रेघा होत्या. खालच्या जवळ जवळ, जुन्या, पुसट. तेवढ्या मात्र खऱ्या मापाच्या होत्या, शिडी इथे येत होती तेव्हाच्या. त्यांच्या वर अंदाजाच्या सुरू झाल्या होत्या. हात कापत असल्यामुळे वरच्या दोन तर लाटेसारख्या वेड्यावाकड्या होत्या.

शिडी कपाटाला पाठ लावून उभी राहिली. सगळ्यात वरची रेघ तिच्या खांद्याशीच संपली.

“कधी माप चुकलं नाही त्यांचं,” आई रडतारडता म्हणाली. “कधी म्हणजे कधी नाही.”

शिडीने मान वळवून रेघेकडे पाहिलं. मग तिने गुडघे वाकवले, बाई चेंडू घ्यायला वाकायला शिकवतात तसे, आणि पाठ कपाटाला लावूनच ती खाली सरकत गेली, डोकं रेघेला येईपर्यंत.

“आई,” ती म्हणाली, “बघ ना. बरोबर आलंय.”

आई उठून जवळ आली आणि तिने हाताचा पंजा आडवा करून शिडीच्या डोक्यावर, रेघेपाशी टेकवला. लिंबू टेबलाजवळ लोहचुंबक हातात धरून उभी होती. ते कुणाला द्यायचं, हे तिला कळत नव्हतं. शिडीच्या मांड्या भरून आल्या, थरथरायला लागल्या, तरी ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.